पट्ट्याची चेन होईपर्यंत

१८ जानेवारी
नायराचं लग्न सप्टेंबरात ठरलं. मुलीची एकच मागणी: बाबा, चर्चपर्यंत तुम्हीच गाडी चालवायची आणि हात धरून आत न्यायचं. होकार दिला. गाडी उत्तम आहे.
मेव्हणा फ्लोरेन्सियो लगेच बॉनेट उघडून उभा. स्वतःचं गॅरेज असलं की दुसऱ्याचं नीट चाललेलं बघवत नाही. म्हणाला, दाजी, टायमिंग बेल्ट कधी बदललात? ठरावीक किलोमीटर झाले की बदलायचा असतो. मीटर दाखवला. तो आम्ही वर पठारावर, एल आल्टोला, राहायला आलो तेव्हाच बंद पडला. म्हणजे तेव्हापासून गाडी किलोमीटरभरही चाललेली नाही. त्याने बॉनेट लावून टाकलं. पटलं असावं.

२० जानेवारी
कळलं की काही इंजिनांत टायमिंगच्या या रबरी पट्ट्याऐवजी लोखंडी चेन असते. जन्मभर टिकते. देखभाल शून्य.
फ्लोरेन्सियो म्हणाला, शून्य कुठली? ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही ताणते. फक्त ती आधी खळखळते तरी. पट्टा न सांगता तुटतो आणि इंजिन घेऊन जातो.
म्हटलं, मग आपल्या गाडीत चेन बसव. म्हणाला, त्याला इंजिनच दुसरं लागेल. त्याला कल्पनाशक्ती नाही.

२४ जानेवारी
अलासिताची जत्रा. आज भर बाराला जी वस्तू बोटाएवढी विकत घ्यावी, ती वर्षभरात खरी होऊन घरी येते. बायकोने, हर्मिनियाने, लग्नासाठी बिअरची खोकी घेतली. मी टायमिंग चेन मागितली. दुकानवालीकडे बंगले होते, विमानं होती, डॉक्टरकीच्या पदव्या होत्या. चेन नव्हती. शेवटी छोटी सायकल घेऊन तिची चेन काढली.
आशीर्वादासाठी ती धुरावर धरताना यातिरीने, तिथल्या पुजाऱ्याने, विचारलं, सायकल हवीय का दादा? त्याला इंजिन समजावून सांगितलं. म्हणाला, मागे रांग आहे, धूर सगळ्यांना सारखाच.
घरी येऊन चेन एकेकोच्या, भरभराटीच्या देवाच्या, मूर्तीच्या गळ्यात घातली. नैवेद्य म्हणून त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली.

२ मार्च
फ्लोरेन्सियो पट्टा बदलायचं म्हणतोय. नकार. चेन येणार असताना पट्टा बदलणं म्हणजे एकेकोवर अविश्वास.

१४ जून
इंजिनातून खळखळ. धातूची. चेन आली!
फ्लोरेन्सियोने कान लावला. म्हणाला, दाजी, पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचं बेअरिंग गेलंय. गाडी आत्ता इथेच ठेवा, नायरासाठी फुकट करून देतो. म्हटलं, चेन खळखळते असं तूच म्हणालास. तो बहिणीकडे वळला: ताई, तू तरी सांग ह्यांना. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून सांगतेय.
कव्हर उघडून दाखवतो म्हणत होता. उघडू दिलं नाही. भट्टीतला पाव कुणी मध्येच काढून बघत नाही.

८ ऑगस्ट
आवाज वाढला. चेन मोठी होतेय.

१२ सप्टेंबर, सकाळ
लग्न. गाडीला पांढऱ्या फिती बांधल्या. नायरा म्हणाली, बाबा, आज नक्की ना? हसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चर्च खाली ला पाझला. तिकडे उतरणारा रस्ता लागायच्या आत खळखळ थांबली. संपूर्ण शांतता. नायराला म्हटलं, ऐक, किती सुरळीत. ती म्हणाली, बाबा, आपण उभे आहोत.
मायलेकी उतरल्या आणि झगा उचलून केबल कारच्या स्टेशनकडे चालू लागल्या. मी थांबलो. गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं. थोड्या वेळाने डोक्यावरून एक डबा गेला. काचेला पांढरं कापड दाबलेलं. एक हात दिसला. तो हलत होता की काच पुसत होता, कळलं नाही.
तिचा हात धरून फ्लोरेन्सियोने तिला आत नेलं. मी पोचलो तेव्हा पायरीवरचे रंगीत कागदाचे कपटे झाडत होते.

२९ सप्टेंबर
पट्टा तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. गाडी भंगारात गेली. फ्लोरेन्सियो पट्ट्याचे तुकडे देऊन गेला.
नायरा फोन उचलत नाही. नव्या संसारात वेळ कुठला.

९ नोव्हेंबर
नायरा आली! जावयाची जुनी सायकल घेऊन. म्हणाली, रविवारी जेवायला या बाबा. आमच्या घरापर्यंत सगळा उतारच आहे. या वेळी तरी वेळेवर पोचा.
चेन तपासली. लोखंडी. वर्ष संपायच्या आत आली. एकेकोला दोन सिगारेटी दिल्या.
फ्लोरेन्सियो म्हणाला, दाजी, गंजलीय, निघायच्या आधी तेल घाला. घालीन. चेन आहे, घाई कसली.

१५ नोव्हेंबर, रविवार, दुपार
रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. चेन तुटली. आधी अजिबात खळखळली नाही. फ्लोरेन्सियोला सांगायला हवं.
डोक्यावरून केबल कारचे डबे जातायत.
नायराकडचं सूप गार व्हायच्या आत पोचायला हवं. चालत निघतो.