दादानं माझं नाव काढलं

घुग्घुस, मंगळवार संध्याकाळ

दादानं नागपूरहून आमच्या सायकल ग्रुपच्या सरांना फोन करून बिकानेर-जैसलमेर राइडमधून माझं नाव काढायला लावलं. मला न विचारता! मी चाळिशीची बाई, शाळेत शिकवते, रोज पहाटे कोळशाच्या ट्रकांची धूळ खात सायकल चालवते. आणि माझ्या वतीनं नाही म्हणणारा हा कोण?

वाळवंटात पाणी कुठं भरायचं, मुक्काम कोणत्या गावात, समोरून वारा सुटला तर काय, सगळं मीच ठरवलेलं.

लगेच फोन लावला. "काऊन केलं असं?"

"तिकडे तुले काही झालं तं आईले कोन पाहीन?"

म्हणजे काळजी माझी नाहीच. लकवा झाल्यापासून आईचं आंघोळीपासून सगळं मी करते. हा सणाला येतो, मिठाईचा डबा ठेवतो, जातो. आणि वर मला न विचारता...

"मी जाऊन राह्यली. तेवढे दिवस तू ये."

"मले सुट्टी नाई भेटत."

"मलेही कधी भेटली नाई!" म्हणून फोन कापला.

आई पलंगावरून ऐकत होती. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "लाव त्याले परत." मग फोनवर अडखळत, पण ठणकावून, "येतं का तू, का सांगू गावाले, मले पोरगाच नाई म्हनून?"

येतो म्हणाला. सरांना कळवून नाव पुन्हा घातलं.

तरी राग जात नाही. आई बोलली तेव्हा ऐकलं त्यानं. माझं म्हणणं त्याच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं.