दोन ठोके, थांबून एक

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमची लबाडी मला या दिवाळीत कळली. अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले.

पांढुर्ण्याच्या ठाण्यात तुम्ही वायरलेसवर होता. संदेशाचे दोन कोड असतात, जेवताना तुम्ही सांगायचे. एक सगळ्या ठाण्यांचा, एक ज्याचा त्याचा. घरीही तेच चालवलंत. मागच्या टिनाच्या दारावर चार ठोके पडले की आम्ही तिघा भावंडांनी जेवायला यायचं. आणि दोन ठोके, जरा थांबून एक, हे फक्त माझं. ‘कोणाले सांगू नको, ताईलेबी नाही,’ असं तुम्ही कानात सांगितलं होतं. ते वाजलं की मी पळत सुटते, तुम्ही सायकल धरून उभे असता, मला दांड्यावर बसवता आणि आपण तिगावच्या रस्त्यानं संत्री खात जातो. मी मधली, ना थोरली ना शेंडेफळ. पण माझा वेगळा ठोका होता, आणि त्या भांडवलावर मी आजवर ऐटीत जगले.

आता मी वाय-फायचे ड्रायव्हर लिहिते. गाडीचे नाही, प्रोग्राम असतो तो. एका वाय-फायवर घरातले सगळे मोबाईल असले, तर सगळ्यांना ऐकवायचं ते एका सामाईक चावीनं कुलूपबंद होतं आणि ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या चावीनं. दोन्ही वेगळ्या सांभाळायच्या, एवढंच ड्रायव्हरचं काम. आळशी ड्रायव्हर मात्र सगळ्यांना एकच चावी देतो आणि प्रत्येकाला वाटतं, ही माझी.

दिवाळीत सौंसरला भावाकडे जमलो होतो. आई त्याच्याकडेच असते. भाचीनं विचारलं, मावशी, तू काम काय करतेस? मी तुमचंच उदाहरण दिलं आणि मोठ्या तोऱ्यात टेबलावर माझा ठोका वाजवून दाखवला. ताईच्या हातातली करंजी हातातच राहिली.

‘हे तं माह्यं हाय,’ ती म्हणाली. ‘बाजारात बांगड्या घ्याले न्यायचे मले.’

भाऊ फराळ सोडून उठला. त्यालाही तेच, दोन आणि एक, आणि वर जिलबी. दोघं घरी नसताना तुम्ही तिसऱ्यासाठी वाजवायचे, हे भावानंच शोधून काढलं. इतका राग मला तुमचा कधीच आला नव्हता.

भावानं चिडून पुन्हा टेबलावर वाजवलं. दोन, थांबून एक.

आई आतल्या खोलीत पडून होती. हल्ली ती आमची नावं विसरते, हाक मारली तरी वळत नाही. पलंग करकरला.

‘आली जी,’ ती हळूच म्हणाली. ‘थांबा जरासं. पोरं झोपून राहिली.’

आम्ही तिघं जागचे हललो नाही. ती भिंत धरत मागच्या दाराशी गेली, कडी काढली आणि अंगणात पाहत उभी राहिली. केस नीट केले तिनं, बाबूजी. मग ताईनं तिला धरून आत आणलं.

ठोका आईचा होता तर. आम्हाला तुम्ही तोच वाटून दिला.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. कारण खरं सांगायचं तर, ती दारात उभी होती तेव्हा मला तिची दया आली नाही. हेवा वाटला.