भावोजींच्या खुर्चीमागचं घरटं

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. (वाकून करायला तुम्ही समोर नाही, याचा आज प्रथमच आनंद होतो आहे.) दोन्ही नवे गुडघे कसे आहेत? एकमेकांशी पटतं का? ताईचं ऐकतात, की तेही तुमच्यावरच गेलेत? डॉक्टरांनी तुम्हाला फोनवर ओरडायची बंदी केल्याचं ताईकडून कळलं, म्हणून पत्राचा मार्ग धरला. पत्रावर कितीही ओरडलात तरी ते उलट उत्तर देत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. हॉटेल जागेवर आहे, समुद्रही जागेवर आहे. बाकीच्या गोष्टींबद्दल जरा सविस्तर लिहितो.

भावोजी, तुम्ही हॉटेल माझ्या हवाली करून दवाखान्यात गेलात आणि चारच दिवसांत आपल्या किनाऱ्यावर कासवीण आली! अहो, पाहुणी कशी असावी तर अशी. ना सामान, ना खोलीतून समुद्र दिसतो का ही चौकशी. पहाटे आली, खड्डा खणला, शंभरेक अंडी घातली, वर वाळू थोपटली आणि मागे वळूनही न बघता निघाली. मी फिरायला गेलो तेव्हा तिची पाठ लाटेत शिरत होती. चाळीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली, हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले पाहिले; पण एवढीशी जागा घेऊन एकही कागद न मागणारं कुणी पाहिलं ते हेच. डोळ्यांत पाणी आलं. (वाळूही गेली होती, पण ती नंतर.) तिथेच ठरवलं, हिची पिल्लं समुद्रात सुखरूप पोचवीन तरच नावाचा मोजणीदार.

जाळीचं कुंपण बाजारातून यायला चार दिवस लागणार होते. तोवर खूण पुसली जाईल म्हणून टेप काढली, जीवरक्षक ज्यावर बसतो त्या लाकडी मनोऱ्यापासून माप घेतलं, वहीत आकृती काढली, दिशा लिहिली, खाली सही ठोकली. जाळी आल्यावर त्याच मापाने कुंपण घातलं. जीवरक्षक म्हणाला, "काका, ती तर मालकांच्या आरामखुर्चीमागे बसली होती ना?" मी म्हटलं, डोळे चुकतात, टेप चुकत नाही. मग बावन्न दिवस पहारा दिला. पाहुण्यांना तिथे छत्री रोवू दिली नाही, चेंडू टाकू दिला नाही. एका बाईंना तर शिंकायचं असेल तर पलीकडे जा म्हणालो. लोक इतके सुधारले, की कुंपणाजवळून चपला हातात घेऊन जायचे. आचारी रोज सकाळी वाकून "उठलात का रे बाळांनो?" असं विचारायचा. (तुमच्या आचाऱ्याला इतकं मऊ बोलता येतं हे तुम्हाला ठाऊक नसेल.)

काल दिवेलागणीला पिल्लं निघाली. कुंपणातून नव्हे. कुंपणापासून खाली समुद्राकडे चाळीस फुटांवर, तुमच्या आरामखुर्चीच्या मागून! जीवरक्षक शांतपणे म्हणाला, "मोठी भरती यायची होती, म्हणून जाळी यायच्या आधीच मी मनोरा मागे ओढला होता." माप हलत्या वस्तूपासून घेऊ नये, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे बावन्न दिवस मी कोऱ्या वाळूची राखण केली, डोळ्यांत तेल घालून! आणि खऱ्या घरट्यावर लोक बॅडमिंटन खेळले. (त्यांना तिकडे मीच पिटाळलं होतं.)

पुढचं ऐका. पहिली अकरा पिल्लं बाहेर आली आणि समुद्राकडे पाठ करून थेट हॉटेलकडे चालू लागली. त्यांना वाट उजेडावरून कळते म्हणे, आणि आपल्या छपरावरच्या दिव्यांच्या बोर्डापुढे समुद्राच्या उजेडाची काय टाप? दोघं तर जेवणघराची पायरी चढायच्या बेतात होती. सगळी टोपलीत गोळा करून पाण्याशी सोडली. बाकीची वाळूखाली आहेत आणि आज अंधार पडताच निघतील. ती रस्त्यावर गेली तर गाड्यांखाली येतील.

ताईला नमस्कार, चारही गुडघ्यांना आशीर्वाद. (दोन जुने दवाखान्याने ठेवून घेतले असतील, तरी तेही घरचेच.)

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. निघताना तुम्ही बजावलं होतं, "बोर्ड एक मिनिटही विझता कामा नये." तो आजच्या रात्रीपुरता विझवायची परवानगी द्यावी.

आणखी ता. क. पत्र पोचायला तीन दिवस लागतात हे आत्ता लक्षात आलं. परवानगी मिळाली असं धरून चालतो. वायरमन तुमचा माणूस, मागच्या दाराने पुन्हा बोर्ड लावेल. म्हणून फ्यूज काढून वाळूत पुरला आहे. काळजी नसावी. या खेपेला मनोऱ्यावर विसंबलो नाही. एकोणीस वर्षांत जिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, त्या तुमच्या आरामखुर्चीपासून बरोबर बारा फूट.

शेवटचा ता. क. (दुसऱ्या दिवशी सकाळी) भावोजी, गेली! अठ्ठ्याऐंशी! एकही हॉटेलकडे वळलं नाही! पाहुणे काळोखात दोन रांगा करून उभे होते, कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. आचारी रडला, मी रडलो, तुमचा वायरमनही रडला. मधे पिल्लांच्या वाटेत तुमची खुर्ची आडवी येत होती, तेव्हा मीच ती उचलून फेकली. आनंदाच्या भरात जरा लांब गेली. पहाटेच्या भरतीने नेली. पुरलेला फ्यूज आता सापडत नाही आणि तसला इथे बाजारातही मिळत नाही, तेव्हा येताना एक घेऊन यावा. आणि बसायला काहीतरी.