ताटकळलेलं जहाज

४ जानेवारी
पोचलो एकदाचे! बोटीत सगळ्यांची तोंडं उतरली होती, आमचे हे मात्र कठड्याला चिकटून उभे. जन्मभर बंदरावर निशाणं चढवायची नोकरी केली आणि आता घरी बसून माझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतात. म्हटलं, चला, तुमचं समुद्राचं वेड एकदा फिटू दे. गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा देवाशी भांडून परत आणलंय ह्यांना. आता ह्या बेटावर आठवडाभर नुसतं फिरायचं. खोली झकास आहे. परक्या राजवटीतल्या कुणा व्यापाऱ्याचं घर, उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाली दगडी गल्ली, समोर बंदर. मालकीणबाई गोड आहेत, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. म्हणावं, गाठ माझ्याशी आहे.

५ जानेवारी
किल्ला पाहिला. बुरुजावर निशाणकाठी, शेजारच्या खोलीत जुनी निशाणं. माकडाच्या हाती कोलीतच! ह्यांनी रखवालदाराला गप्पांत असं गुंडाळलं की त्याने पेटीच उघडून दिली. भिंतीवर एका जहाजाचं चित्र होतं. रखवालदार म्हणाला, त्यावर साथ आली होती म्हणून बंदराने आत घेतलं नाही. कित्येक दिवस बंदराच्या तोंडाशी ताटकळत ठेवलं. शेवटी परवानगी मागायलाही कोणी उरलं नाही. हे चित्राजवळ गेले. मग म्हणाले, जहाजाने विचारलं की किनाऱ्याने उत्तर द्यायचंच, हो नाहीतर नाही, इथल्यांनी तेवढंही केलं नाही. आणि 'आत या' सांगणारं निशाण पेटीतून काढून चढवलं की काठीवर! रखवालदार हसत होता. मी फोटो काढला.

६ जानेवारी
सकाळी हे खिडकीशी. म्हणाले, आलं बघ ते जहाज. मला नुसतं पाणी दिसलं. चष्मा पुसून पाहिलं, तरी पाणीच. म्हटलं, थट्टा पुरे, चहा घ्या. पण ह्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, किती माणसं आहेत गं, आणि सगळी माझ्याकडे बघतायत.
मालकीणबाईंना गंमत म्हणून सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. समुद्राकडच्या सगळ्या झडपा लावून घेतल्या. म्हणाल्या, ज्याने बोलावलं त्याच्याकडेच येणार ते, दुसऱ्या कुणाकडे नाही. काहीतरीच बाई!

७ जानेवारी
ह्यांना ताप आहे. कपाळाला हात लावला तर चटका बसला. जिन्यावर ओली पावलं, अनवाणी, खूप जणांची. सगळी वर आलेली. परत गेलेलं एकही नाही. रागारागाने फडक्याने पुसून काढली. वळले तर पुन्हा—
मालकीणबाई खालूनच ओरडल्या, उद्याच्या बोटीने जा. जाणारच आहे! मला काय इथे राहायची हौस आलीय? भीती वाटते. लिहूनच टाकते. फार भीती वाटते.

८ जानेवारी
बोटीवरच्या डॉक्टरने ह्यांचा ताप पाहिला आणि चढू दिलं नाही. साथीचा असला तर, म्हणाला. हातापाया पडले त्याच्या. धक्क्याच्या टोकाला रिकाम्या गोदामात ठेवलंय आम्हाला, बाहेरून कडी. कधी सोडणार ते विचारलं. कोणी उत्तरच देत नाही. बोट गेली.
हे पुटपुटतायत. म्हणतात सगळे आलेत, जरा सरकून बस, जागा दे त्यांना. मी सरकले. दंडाला काहीतरी गार, ओलं—

९ जानेवारी
दिसतात. मलाही. भिंतीला टेकून बसलेत. ओठ फुटलेले. एका बाईच्या कडेवर मूल— त्रास काही देत नाहीत. नुसती वाट बघतात. ह्यांचा श्वास—

ताप उतरला. हात गार. फार गार. हाक मारते, ओ देत नाहीत.

उठले! दोघांनी काखेत हात घालून उभं केलंय. कडी तशीच आहे, तरी चालले— अहो! कुठे? वळूनसुद्धा बघत नाहीत. ऑपरेशनपासून कोपऱ्यावर एकटं पाठवलं नाही मी ह्यांना, आता बरी पाठवीन! थांबा म्हणतेय ना. आले, आले मी, हातातलं एवढं खाली ठेवते आणि—