बसण्याची कवायत

३ फेब्रुवारी

चि. पंडितीणबाईस अनेक आशीर्वाद.

भोंग्याच्या अपघाताच्या फेरचौकशीची पहिली सुनावणी झाली. नीट झाली नाही. पलटणीतले आम्ही जुने चौघे पुढच्या बाकावर बसलो होतो. दारात साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि चौघेही ताडकन उठून सावधान! ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गेलो, त्याच्याचसाठी. त्यांनी हात हलवून बसा म्हटलं, तेव्हा कुठे बसलो. त्यांच्या वकिलाने संधी साधली. निष्काळजी अधिकाऱ्याला त्याची माणसं निवृत्तीनंतरही असा मान देतात का, असं त्याने अध्यक्षबाईंना विचारलं. बाईंनी आमच्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

आमच्या साक्षी पुढच्या तारखेला. तोफ घरी जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला ही पदवी आवाजामुळे मिळाली हे तुला ठाऊक आहे, त्यावरून काय ते समज. तुझी वहिनी बरी आहे.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसल्याची लाज वाटली, मग पुन्हा हसले. जन्मभर पोरांना उभं राहायला शिकवलंस, आता भोग आपल्या कर्माची फळं. संस्कृतात वीराला ऊठ म्हणणारे कवी ढिगाने आहेत. बैस म्हणणारा मला एकही आठवत नाही. तेव्हा या बाबतीत माझ्याकडे शास्त्राधार मागू नकोस.

पण दादा, खरं सांगू? मला तुमचा राग आला नाही. पूल अजून कच्चा आहे, सकाळपर्यंत थांबा, असं तू सांगितलंस. साहेबांनी ट्रक आत्ताच घालायचा हुकूम दिला. चालक आपला भोंगा; त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि ट्रक घातला. पूल गेला, भोंगाही गेला, आणि चौकशीत ठरलं की चालकाने बेपर्वाईने, भरधाव गाडी घातली. तिथे हजर असलेल्या तुम्हा चौघांना कुणी विचारलंच नाही, आणि वर्दी होती तोवर तोंड उघडायची सोय नव्हती. हुकूम आला की अंग आधी हलतं आणि डोकं मागून येतं, हे सैन्याला हवंच असतं. भोंग्याचंही तेच झालं. मग त्याला बेपर्वा म्हणायचं कोणत्या तोंडाने? तो शब्द पुसून घ्यायचा आणि हुकूम कुणाचा ते वदवून घ्यायचं, एवढंच तर तुम्ही मागता आहात.

उभं राहणं कवायतीने अंगात मुरतं, तर बसणंही मुरेल. कवायतीचे उस्ताद तुम्हीच. लागा कामाला.

काल पडदे शिवायला टाकायच्या निमित्ताने भोंग्याच्या बायकोच्या दुकानात गेले होते. ती सुनावणीला येणार नाही म्हणते. ज्या खोलीत तो शब्द मोठ्याने वाचतात, तिथे ती बसणार नाही. बोलताना तिने शिलाईमशीन थांबवलंसुद्धा नाही. मी फार ताणलं नाही.

लोभ वाढवायला आता जागा उरलेली नाही. आहे तो धुऊनपुसून वापरावा.

तुझी धाकटी

२ मार्च

चि. पंडितीणबाईस अनेक आशीर्वाद.

तुझी सूचना आगाऊ होती, पण बरोबर होती. तोफेच्या गॅरेजमध्ये रोज सकाळी बसण्याची कवायत चालते. चार खुर्च्या मांडतो. आळीपाळीने एकजण बूट घालून साहेब होतो आणि आत येतो. बाकीच्यांनी हलायचं नाही. सुरुवातीला सगळे उठायचे. तोफेचे गुडघे तर असे की एरवी त्याला उठवायला दोन माणसं लागतात. बूट वाजला की हा पहिला उभा! त्याची बायको दारातून बघत होती. घरात भाजी आणायला सांगितली तर हेच गुडघे दुखतात, असं ती म्हणाली.

कंबरपट्ट्याने स्वतःला खुर्चीला बांधून घेऊ या, असा त्याने प्रस्ताव मांडला. मी तो फेटाळला. बांधलेला माणूस बसलेला नसतो, बांधलेला असतो. आपल्याला बसायचं आहे. आता पुष्कळ जमतं. बूट वाजतो, पण खुर्ची सुटत नाही.

भोंग्याच्या बायकोला सांग, तो शब्द सुरुवातीलाच वाचतात. तेवढा वेळ बाहेर थांबून मग आत आली तरी चालेल. आमची जबरदस्ती नाही.

तुझा,
दादा

२७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

बस चुकू नये म्हणून काल तुला न भेटताच निघाले, त्यामुळे बोलायचं ते लिहिते आहे. तुम्ही पुढे तोंड करून बसला होतात. मी पाहिलं ते तुम्हाला दिसलेलं नाही.

मी आणि भोंग्याची बायको बाहेर, काचेच्या दारापाशी उभ्या होतो. साहेब आत शिरले. बाकावर तुमची चार डोकी, त्यातली दोन तुळतुळीत, आणि एकही हललं नाही. तोफेचे कान मात्र लालबुंद झाले होते. साहेब क्षणभर थांबले, हात नेहमीसारखा बसा म्हणायला वर गेला, आणि बसलेल्यांना बसा कसं म्हणावं ते न कळून तो त्यांनी खिशात घातला. दादा, त्या वेळी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शब्द वाचून झाला, तुमच्या साक्षी झाल्या, साहेब साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, तेव्हा भोंग्याच्या बायकोने स्वतःच दार ढकललं. दार करकरलं. बसायला जागा शोधत ती तिथेच उभी राहिली. तोफेने मागे वळून पाहिलं. मग तुम्ही चौघेही दाराकडे तोंड करून उठलात. कुणी इशारा दिला नव्हता, बुटांचा आवाज नव्हता. चपला होत्या तिच्या पायात. सावधान असं की माझ्याही पाठीचा कणा ताठ झाला. गॅरेजमधल्या साऱ्या कवायतीवर पाणी, आणि मला तुमचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

त्यानंतरचं तुमची पाठ असल्यामुळे तुम्ही पाहिलं नाहीत. चौघे सावधान उभे दिसताच साहेबही उठले. जुनं अंग, दुसरं काय! उठल्यावर मान वर केली तेव्हा त्यांना समोर ती दिसली. अध्यक्षबाईंनी त्यांना बसू दिलं नाही. पूल कच्चा असल्याचं हवालदाराने, म्हणजे तू, सांगितलं होतं का, असं त्यांनी तिथेच विचारलं. वकील घाईघाईने काही पुटपुटला. साहेब तिच्याकडेच पाहत होते. सांगितलं होतं, हुकूम माझाच, असं ते म्हणाले. एवढं तुम्ही ऐकलंत. त्यांचा चेहरा मी पाहिला; तो खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, असा होता. म्हणून त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही.

परतीच्या बसमध्ये ती फक्त एवढंच म्हणाली, की तोफभावजींचे गुडघे फार दुखत असतील.

तुझी,
अजूनही ताठ बसलेली धाकटी

१९ एप्रिल

चि. पंडितीणबाईस अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. बेपर्वा हा शब्द काढून टाकला. चालकाने हुकूम पाळला; पूल कच्चा असल्याचं ठाऊक असूनही हुकूम देणारा अधिकारी आणि साक्षीदारांना न विचारणारी चौकशी, दोघांवरही ठपका आहे. पलटणीतल्या, कर्तव्यावर गेलेल्यांच्या मानाच्या फलकावर भोंग्याचं नाव लागणार. तोफ रडला आणि नाक चोंदल्याचं सांगत राहिला.

आज दुकानात जाऊन तिला हे वाचून दाखव. घाई करू नकोस. मशीन थांबेपर्यंत वाट बघ.

आणि उभी राहून वाच.

तुझा,
दादा