ओरिजिनल ब्रेक

४ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून गाडीची रोज नोंद ठेवणार. गाडी रुद्रेशदादाची. १९६८ ची, विलायती, दोन सीटची, लाल. अख्ख्या अंबाजोगाईत अशी दुसरी नाही. घाटातल्या अपघातात दादाला जाऊन दोन वर्षं झाली. गाडीचा चेपलेला पुढचा भाग सरळ करण्यात तेवढीच गेली. आता फायनल टप्पा. फेब्रुवारीत पुण्याला जुन्या गाड्यांची रॅली. टार्गेट: शंभर टक्के ओरिजिनल. एक स्क्रूसुद्धा आपल्या मनाचा नको.

६ नोव्हेंबर
हबीब मेकॅनिक आलता. म्हणाला, "अप्पा, पुढं डिस्क ब्रेक टाकू. जुने ड्रम लवकर तापतेत, मग ब्रेक लागत न्हाई." त्याला ओरिजिनल म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. चहा पिऊन गेला. पटलं असावं.
अपघाताच्या रिपोर्टात 'चालकाचा ताबा सुटला' एवढंच आहे. ब्रेकचं नाव कुठंही नाही. कागद लॅमिनेट करून घेतलाय.

१३ नोव्हेंबर
नोंद राहिली. धनत्रयोदशी, भांड्याचं दुकान, गर्दी. उद्यापासून रोज.

१७ नोव्हेंबर
आतला आरसा परवा माझ्या उंचीला लावला होता. आज बघतो तर वर तोंड करून. दादाला लागायचा तसा. रबर ढिलं झालं असणार. टाइट केलं.

१९ नोव्हेंबर
आरसा परत वर. सीट पण मागं गेलेली. मी पाच फूट चार, दादा सहा फूट. स्प्रिंग ओढत असेल. भुताबितावर आपला विश्वास नाही. शेडमधला बल्ब मोठा लावला, पण तो काम नीट दिसावं म्हणून.

२२ नोव्हेंबर
टेस्ट ड्राइव्ह. शेडपासून गेटपर्यंत. ब्रेक उत्तम. शिवकन्या म्हणाली, "गेटपोतर तर हातगाडी बी थांबती." बायकोला गाड्यांतलं कळत नाही. तरी ठरवलं, रविवारी परळी रस्त्याचा घाट उतरून दाखवतोच.

२६ नोव्हेंबर, रविवार
घाट रद्द. अवकाळी पाऊस. ओल्या रस्त्यावरची टेस्ट खरी धरत नाहीत.

३ डिसेंबर, रविवार
घाट रद्द. उसाच्या ट्रॉल्या.

१० डिसेंबर, रविवार
घाट रद्द. पाऊस नव्हता. ट्रॉल्या पण नव्हत्या. कारण नंतर लिहीन.

१२ डिसेंबर
गाडीत बसलं की शेजारच्या सीटवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. म्हणून तिथं पिशवी ठेवली. मग ती जागा जास्तच रिकामी दिसायला लागली. काढली.
आत वास येतोय, तापलेल्या ब्रेकचा. बॉनेट कोमट. मी तर चार दिवस गाडी सुरूच केलेली नाही. शेडच्या पत्र्यावर ऊन पडतं, त्यानंच.

१५ डिसेंबर
हबीबनं परत डिस्कचा विषय काढला. "रुद्रेशभाई लई मागं लागलते. सेट पण आणून ठिवलता. मग एकदम नको म्हणले. कावून, ते सांगितलं न्हाई."
हबीबला मी पण काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? दादानं मला फक्त विचारलं होतं. गाडीतलं तुला कळतं, असं तो म्हणायचा. मी एवढंच म्हणालो की डिस्क टाकली की गाडी संपली, खेळणं झालं. आणि हसलो. निर्णय त्याचा होता. तो काही लहान नव्हता.

२० डिसेंबर, दुपारी ३
डोकं दुखत होतं म्हणून दुकानातून लवकर आलो. शेड उघडं. गाडी नाही. तिथंच उभा राहिलो. पाच मिनिटं मला खरंच वाटलं, दादा घेऊन गेलाय.
मग गाडी आली. स्टिअरिंगवर रुद्राणी. दादाची पोरगी, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, बापासारखीच उंच. दादाची जुनी चावी वहिनीच्या कपाटात होती, ती हिला सापडली. महिनाभर नेतेय. मी दुकानात असताना घाट उतरून खाली जायचं आणि परत यायचं. आरसा तिनंच फिरवलेला, सीट तिनंच सरकवलेली.
मी रागवायला तोंड उघडलं. ती उतरत म्हणाली, "काका, उतारावर ब्रेक पार खाली जातो. दोन-तीनदा दाबावा लागतो. पप्पांच्या वेळेला बी असंच व्हायचं का?"
मी म्हणालो, माहीत नाही. चावी मागून घेण्याची हिंमत झाली नाही. गाडीची बॅटरी काढून दुकानात नेऊन ठेवली.

२१ डिसेंबर
सकाळीच गाडी हबीबकडं ओढून नेली. डिस्क टाक म्हणालो. त्यानं आतून दादानं आणलेला सेट काढला. दहाला काम सुरू केलं, जेवायच्या आधी संपलं. मी बाहेर स्टुलावर बसून होतो. मला वाटलतं, आठवडा तरी लागेल.
दुपारी गाडी परत शेडमध्ये आणली आणि रुद्राणीला बोलावून सांगितलं. हो, तेव्हा पण असंच व्हायचं. दादा बदलणार होता. मी हसलो, म्हणून राहिलं.
तिनं चावी बॉनेटवर ठेवली आणि ती वरच्या मजल्यावर आईकडं गेली.
आतापर्यंत वहिनीला कळलं असेल. खरं तर मीच जायला पाहिजे होतं. फडकं घेऊन गाडी पुसत बसलो. स्वच्छच होती.