लाईट व फिरणे यावर कंट्रोल

३ फेब्रुवारी २००६, वसमत
पीएचडीचा विषय पक्का: सेमीकंडक्टरच्या सूक्ष्म पोकळीत प्रकाशाने स्पिनची वाहतूक. एक शोधनिबंधही वाचला. सात पानं, चार समजली. (तीन. चौथ्यावर आकृती होती.) प्राचार्य म्हणाले, आधी जाहीर व्याख्यान द्या, पन्नास माणसं जमली तर दोन वर्षांची रजा. म्हणजे मिळालीच!

६ फेब्रुवारी
तसा विषय सोपा आहे. समोरासमोर दोन आरसे, मधे प्रकाश कोंडायचा. तो कणांचा स्पिन आपण म्हणू तिकडे नेतो. रतनसिंगच्या सलूनमध्ये असेच आरसे आहेत, म्हणून त्यालाच समजावलं. माझी कटिंग अर्धी सोडून ऐकत राहिला. बायको राजनंदिनीचं म्हणणं, लाईट गेल्यामुळे त्याचं मशीन बंद होतं. तिला विज्ञानाची गोडी नाही.

९ फेब्रुवारी
शिपाई मुंजाजीला फळ्यावर सोप्या मराठीत लिहायला सांगितलं. स्पिन म्हणजे काय, विचारलं त्याने. फिरणं, म्हटलं. त्याने लिहिलं: 'लाईट व फिरणे यावर कंट्रोल. सर्वांनी यावे.' झकास! म्हणाला, सर, आमच्या गावात बी सांगतो, लई लोक येतेत.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११
उद्या व्याख्यान. तयारी केली नाही. तयारीने बोलण्यातली मजा जाते.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४
एकशे बारा माणसं! निम्मे पागोटेवाले. वीस मिनिटं बोललो, कुणी हललं नाही. मी भारावून गेलो. मग प्रश्न. पहिले उठले तातेराव, मुंजाजीच्या गावचे. म्हणाले, सर, ते आरशाचं ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं लाईट दिवसा कवा येईन? अन् विहिरीवरली मोटर उल्टी फिरून राहिली, काहून?
लाईटचं माहीत नाही, म्हटलं. मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करा.
टाळ्यांनी हॉल दणाणला. प्राचार्यसुद्धा उभे राहिले!

१५ फेब्रुवारी
प्राचार्यांनी शब्द पाळला, रजा मंजूर केली. उद्याची, एक दिवस. तातेरावांची मोटर बघून यायला. बाकीची दोन वर्षं नंतर बघू म्हणाले.
तसं पाहिलं तर तिथेही स्पिन उलटाच आहे. टेस्टर घ्यायला विसरायचं नाही.